ह हत्तीचा, आणि हत्ति म्हणजे कापूस

पहिलीच्या वर्गात भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. त्यात ‘ह’च्या घरात हत्ती काढलेला असतो. सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकच्या सीमेवरच्या जत तालुक्याच्या पूर्व भागात, संख, उमदी या पट्ट्यात, घरी कन्नड बोलणारं सहा वर्षांचं पोर त्या चित्राकडं बघतं आणि ‘आने’ म्हणतं. ते बरोबरच असतं, कन्नडमध्ये हत्तीला आनेच म्हणतात. गुरुजी म्हणतात, ‘हत्ती’. आता पोर गोंधळतं, कारण त्याच्या घरी हत्ति म्हणजे कापूस, आणि चित्रात तर कापूस कुठंच नाही. आवाज, अक्षर आणि चित्र यांची गाठ बसायला हवी, ती बसतच नाही. कन्नड येणाऱ्या शिक्षकाला हे सोडवायला अर्धं मिनिट पुरतं. ‘आने म्हणजे मराठीत हत्ती, आणि आपला हत्ति म्हणजे मराठीत कापूस’ एवढं सांगून तो पुढं जातो. कन्नड न येणाऱ्या शिक्षकाला इथं काही अडलंय हेच कळत नाही. त्याला दिसतं एवढंच, की पोराला ‘ह’ येत नाही.

असे दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक सरकारी शाळांना कमी का पडतात, भरती होऊनही ते का मिळत नाहीत, आणि मिळेपर्यंत शाळेनं काय करायचं, ते इथं मांडतो आहोत. उदाहरणं मुख्यतः जतची आहेत, कारण तिथं ही गोष्ट सगळ्यात उघडी दिसते.

कोणत्या शाळा, कोणती पोरं

जत संस्थान 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. 1949 मध्ये साताऱ्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचंच नाव 1960 मध्ये सांगली पडलं. मधल्या काळात, 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विजापूर, बेळगाव, धारवाड हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि जत इकडं राहिलं. सीमा नकाशावर पडली. सोयरिकी, बाजार, जत्रा आणि घरातली बोली होती तशीच राहिली.

त्यामुळं इथं दोन तऱ्हेच्या शाळा आहेत. पहिली, जिल्हा परिषदेची कन्नड माध्यमाची शाळा. तिची पुस्तकं बालभारतीच छापते. बालभारती मराठीखेरीज हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधी या माध्यमांची पुस्तकं काढते. या शाळेत गणित, परिसर अभ्यास सगळं कन्नडमधून, आणि मराठी हा विषय सक्तीचा, कारण 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांना मराठी शिकवणं बंधनकारक आहे. म्हणजे इथल्या शिक्षकाला कन्नड तर हवंच, मराठीही शिकवण्याइतकं पक्कं हवं.

दुसरी तऱ्हा जास्त नजरेआड राहते. शाळा मराठी माध्यमाची, पण वर्गातली अर्धी-पाऊण पोरं घरी कानडी बोलणारी. आईबापांनी मराठी शाळा विचार करून निवडलेली असते. सातबारा मराठीत, तलाठी आणि तहसील मराठीत, एसटीची पाटी मराठीत, पोलीस भरतीचा पेपर मराठीत. त्यांचा निर्णय चुकीचा आहे असं आम्हाला अजिबात वाटत नाही. पण तो निर्णय तडीला न्यायला पहिल्या दोन वर्षांत कन्नड जाणणारा शिक्षक लागतो, आणि तो द्यायची सोय कुठल्याही तक्त्यात नाही.

याखेरीज फिरती पोरं आहेत. साधारण दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडची कुटुंबं येतात, तशीच खुद्द जतची कुटुंबंही वाळवा, कराडकडं ऊसतोडीला जातात. जतचं कानडी बोलणारं पोर चार-पाच महिने कृष्णाकाठच्या शाळेत येऊन बसतं, तिथं तर कन्नड समजणारं कुणीच नसतं. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी कुटुंबं देशभर विखुरलेली आहेत. त्यांची पोरं गावी परत येतात तेव्हा घरात मराठी बोलतात, पण वाचायला तमिळ किंवा हिंदी शिकलेली असतात. शिरवळ आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींजवळ हिंदी, भोजपुरी बोलणारी पोरं आहेत. मिरजेत उर्दू शाळा आहेत. त्यांचं दुखणं बरंचसं कन्नड शाळांसारखंच आहे, म्हणून त्याबद्दल वेगळं लिहीत नाही.

पोर्टलला माध्यम कळतं, भाषा कळत नाही

सगळ्याचं मूळ इथं आहे. सरकारी दप्तरी ‘दुभाषिक शिक्षक’ असं पदच नाही. पद असतं माध्यमाचं: मराठी माध्यम, उर्दू माध्यम, कन्नड माध्यम. म्हणून कन्नड शाळेतली जागा रिकामी असली तर ती निदान रिक्त पदांच्या तक्त्यात दिसते. मराठी शाळेतल्या तीस कानडी पोरांना कन्नड समजणारा शिक्षक नाही, ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात येत नाही. तिथं सगळी पदं भरलेली असतात आणि कागदावर शाळा ठीक असते.

आता शिक्षक होण्याची वाट बघा. बारावी, मग दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका, जिला अजूनही सगळे डी.एड.च म्हणतात. मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा: 150 गुण, अडीच तास, खुल्या गटाला 60 टक्के हवेत. मग टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: 200 प्रश्न, दोन तास. त्या गुणांवर पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर पसंतीक्रम भरायचा, यादी लागायची, कागदपत्रं तपासायची, समुपदेशनानं शाळा मिळायची. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना 16,000 रुपये मानधन, त्यानंतर नियमित वेतनश्रेणी.

या वाटेवर कन्नड जाणणारा उमेदवार चार ठिकाणी गळतो.

पहिली गळती शिक्षणाच्या माध्यमाची. उमेदवार कुठल्या माध्यमाच्या पदाला चालेल हे तो कुठल्या माध्यमातून शिकला यावरून ठरतं. जतमधली एखादी मुलगी घरी कन्नड बोलते, गावची बोली तिच्या जिभेवर आहे, पण तिचं सगळं शिक्षण मराठीतून झालं. पोर्टलच्या लेखी ती निव्वळ मराठी माध्यमाची उमेदवार. कन्नड पदाला ती पात्र नाही, आणि मराठी पदाच्या यादीत तिच्या कन्नडला शून्य गुण. तिला नोकरी लागली तर ती पालघरला किंवा रत्नागिरीलाही जाऊ शकते. आणि ज्याला कन्नडचा एक शब्द येत नाही असा दुसऱ्या जिल्ह्यातला उमेदवार जतच्या पूर्व भागात येऊ शकतो. दोघंही गुणवत्तेनं आलेले असतात, दोष कुणाचाच नसतो. पण दुभाषिक शिक्षक हाताशी असून तो दुसरीकडं जातो, तो असा.

दुसरी गळती पुढच्या शिक्षणाची. कन्नडमधून दहावी झालेल्या पोराला कन्नडमधून बारावी आणि पदविका करायची तर बहुतेक वेळा कर्नाटकात अथणी, विजयपूरकडं (म्हणजे विजापूरकडं) जावं लागतं. तिकडं शिकला की तिकडच्याच भरतीची तयारी सुरू होते. इकडं यायचं तर महाराष्ट्राची टीईटी वेगळी द्यायची, टेट वेगळी द्यायची. शिवाय दुसऱ्या राज्यातल्या जातीच्या दाखल्यावर इथं आरक्षण मिळत नाही, त्यामुळं सीमेपलीकडच्या गावातला राखीव प्रवर्गाचा उमेदवार इथं खुल्यातून लढतो.

तिसरी गळती बिंदुनामावलीची, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं हे ठरवणाऱ्या तक्त्याची. ती जरा किचकट आहे, पण समजून घेतली पाहिजे, कारण ‘जागा आहे, उमेदवार आहे, तरी नेमणूक का नाही’ याचं उत्तर बहुधा इथंच मिळतं. भरतीच्या जाहिरातीत पदं माध्यमानुसार आणि प्रवर्गानुसार वाटलेली असतात. मराठी माध्यमाची शेकडो पदं असली की प्रत्येक प्रवर्गात, प्रत्येक समांतर आरक्षणात उमेदवार मिळतोच. कन्नडची पदं मोजकी. समजा दहा पदं आहेत. ती अनुसूचित जाती, जमाती, भटक्या जमातींचे उपगट, इतर मागास, आर्थिक दुर्बल, खुला अशी वाटली, आणि त्यातही महिला, माजी सैनिक, भूकंपग्रस्त, अंशकालीन असे समांतर कप्पे पडले, की एकेका कप्प्यात एखादंच पद उरतं. त्या नेमक्या कप्प्यात कन्नड माध्यमातून शिकलेला, टीईटी झालेला, टेट दिलेला माणूस असेलच असं नाही. कप्पा रिकामा राहतो. शेजारच्या कप्प्यात तीन पात्र उमेदवार वाट बघत असले तरी ते इकडं सरकत नाहीत, जोवर ते पद रूपांतरित फेरीत, म्हणजे रिकामी पदं दुसऱ्या कप्प्याला खुली होतात त्या फेरीत, येत नाही तोवर. आरक्षण हे इथलं कारण नव्हे. संख्या लहान आणि फेऱ्या लांबणीवर, हे कारण आहे. टेट पहिल्यांदा 2017 च्या डिसेंबरात झाली, दुसरी थेट 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिसरी 2025 च्या मे-जूनमध्ये. एका फेरीत राहिलेली जागा पुढच्या फेरीपर्यंत थांबली, तर एका पोराची अख्खी प्राथमिक शाळा संपते.

चौथी गळती बदलीची. सांगलीहून जत ऐंशी-नव्वद किलोमीटर, तिथून पूर्वेला उमदी, संख आणखी लांब. लांबून आलेला शिक्षक आपल्या जिल्ह्यात, आपल्या घराजवळ जायला बघणार, हे स्वाभाविक आहे. अवघड क्षेत्र म्हणून घोषित गावात तीन वर्षं झाली की बदलीचा हक्कही मिळतो. पण मन लावून काम करणाऱ्या शिक्षकालाही पोरांची कन्नड समजायला दोन वर्षं लागतात. म्हणजे तो उपयोगी पडू लागतो त्या सुमाराला त्याचा बदलीचा अर्ज भरायची वेळ येते, आणि नव्या माणसापासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

यात अतिरिक्त शिक्षकांच्या समायोजनाचा प्रश्न मिसळला की गोंधळ पुरा होतो. मराठी शाळांचा पट घटला, शिक्षक अतिरिक्त ठरले, आणि कन्नड शाळेत जागा रिकामी आहे. कागदावर हे गणित सुटतं. 2024 च्या भरतीनंतर जत तालुक्यातल्या काही कन्नड शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक दिले गेले आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यावर नाराजी उमटली. राजकारण बाजूला ठेवून नुसतं वर्गात बघा: ज्याला पुस्तकाची लिपीच वाचता येत नाही तो शिक्षक गणिताचं शाब्दिक उदाहरण फळ्यावर कसं लिहून देणार? तो तोंडी मराठीत समजावतो, पोरं पुस्तकातलं कन्नड बघून उतरवतात, आणि दोन्ही बाजूंना वाटतं की तास झाला.

आणखी एक तारीख ध्यानात ठेवायला हवी. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं आहे. टीईटी येण्याआधी नेमलेल्या जुन्या कन्नड शिक्षकांना आत्तापासून अभ्यासाला मदत केली नाही, तर आहेत ती माणसंही कमी होतील.

पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं एक साधं मोजमाप

पोरांची भाषा मोजायची कल्पना नवी नाही. 1949 च्या ऑगस्टमध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं, की प्रादेशिक भाषेहून वेगळी मातृभाषा असलेली पोरं शाळेत 40 किंवा एका वर्गात 10 असतील, तर त्यांच्या भाषेत शिकवणारा किमान एक शिक्षक नेमावा. 1956 मध्ये राज्यघटनेत 350-क हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्य पोरांना प्राथमिक टप्प्यात मातृभाषेतून शिकायची पुरेशी सोय द्यायचा प्रयत्न राज्यानं आणि स्थानिक संस्थेनं करावा, असं ते सांगतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 म्हणतं, शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम पोराची मातृभाषा असावी. त्याच कायद्याच्या कलम 26 नं शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नयेत असं बजावलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर स्पष्ट आहे, की घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असेल तिथं शिक्षकांनी दोन भाषांतून शिकवावं, साहित्यही दुभाषिक असावं.

मग अडतं कुठं? मोजण्यात. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची मंजुरी, होते ती पटावर. 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक, पट त्यापुढं ठराविक संख्येनं वाढला की तिसरा. या हिशेबात पोर किती हे येतं, पोर काय बोलतं हे येत नाही. आमचं ठाम मत आहे, की शाळेच्या माहितीत प्रत्येक पोराची घरची भाषा दरवर्षी तपासून नोंदवली गेली आणि मराठी शाळेतल्या ठराविक पदांना ‘कन्नड समजणारा’ ही अट किंवा निदान प्राधान्य जोडलं, तर वर सांगितलेल्या जतच्या मुलीची नेमणूक जतमध्येच होईल. नवं पद निर्माण करायला नको, जादा पगार नको. पदाच्या वर्णनात एक ओळ वाढवावी लागते.

वर्गात नेमकं काय बिघडतं

शिक्षक नसल्याचा परिणाम ‘पोरं मागं पडतात’ एवढ्या मोघम शब्दांत सांगून भागत नाही. चुका ठरलेल्या जागी होतात आणि त्या जागा माहीत असल्या तर निम्मं काम होतं.

गणितापासून सुरू करू. कन्नडमध्ये 21 ला इप्पत्तोंदु म्हणतात: इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक. आधी दशक, मग एकक. लिहितानाही तसंच, आधी 2 मग 1. मराठीत एकवीस, म्हणजे आधी एक ऐकू येतं, मग वीस. पोर ऐकलं त्या क्रमानं लिहितं आणि 12 होतं. खरी कसोटी 29 ला लागते. कन्नड: इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. मराठी: एकोणतीस. त्यात वीसही नाही आणि नऊही नाही. पोराला ‘एक’ आणि ‘तीस’ ऐकू येतं, ते 31 लिहितं. एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळीकडं तेच. मराठी घरातलं पोरही इथं चुकतं, पण त्यानं एकोणतीस हा शब्द शाळेत यायच्या आधी शंभरदा ऐकलेला असतो.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी रीतही दिली होती. तेव्हा त्यावर मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी ती रीत जोडाक्षरं आणि अंकांचा क्रम यांचा घोळ टाळायला सुचवल्याचं समजावून सांगितलं होतं. जतच्या वर्गात उभं राहून बघितलं तर ‘वीस एक’ म्हणजे हुबेहूब इप्पत्तोंदु. कानडी पोरासाठी ती तयार पायवाट आहे. आधी इप्पत्तोंदु, मग वीस एक, मग एकवीस, अशा तीन पायऱ्यांनी 21 ते 99 करून घेतलं तर उलटसुलट लिहिणं फार कमी होतं.

मग लिंग. मराठीत पाटी ती, खडू तो, पुस्तक ते. कन्नडमध्ये माणसं सोडली तर सगळं ‘अदु’. त्यामुळं ‘माझा पाटी’, ‘ते खडू’ असं येणारच. यावर ओरडण्यात अर्थ नाही. नाम सुटं शिकवूच नये, पहिल्या दिवसापासून ‘ती पाटी, तो खडू, ते पुस्तक’ असं जोडीनं शिकवावं. भूतकाळातही तसंच: कन्नडमध्ये क्रियापद कर्त्यामागं जातं, म्हणून पोर ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणतं. ‘मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी केळं खाल्लं’ हा सराव तोंडी, खाण्याच्या सुट्टीत, डबा समोर ठेवून करावा.

उच्चारात बोली कन्नड महाप्राण, म्हणजे ख, घ, ध असे जोरानं श्वास सोडून म्हणायचे आवाज, फारसे ठेवत नाही. खडूचा कडू होतो, घराचं गर, धड्याचा दडा. श्रुतलेखनात पोर ‘कडू’ लिहितं आणि लाल रेघ खातं. ती शुद्धलेखनाची चूक नाही, कानाची सवय आहे. हाताचा तळवा तोंडासमोर धरून क-ख, ग-घ, द-ध म्हणायला लावलं, की श्वासाचा झोत हाताला लागतो आणि फरक कळतो. रोज पाच मिनिटं, दोन-तीन आठवडे.

आणि फसवे शब्द. ‘काल काय केलंस?’ असं विचारलं तर पोर पायाकडं बघतं, कारण कालु म्हणजे पाय.

सगळ्यात कोवळी अडचण मात्र अभ्यासाची नसते. पहिल्या आठवड्यात पोराला लघवीला जायचंय हे सांगता येत नाही. ते उठून उभं राहतं, ‘ओंदक्के’ म्हणतं. शिक्षकाला वाटतं, काहीतरी एक मागतंय, बस म्हणतात. पुढं जे होतं त्यानं ते पोर लाजेनं चार दिवस शाळेत येत नाही. ओंदु म्हणजे एक, ओंदक्के म्हणजे अगदी आपलं ‘एकीला’. दोन्ही भाषांनी एकच आडपडदा धरलाय. हा एक शब्द माहीत असता तर ते चार दिवस वाचले असते.

शिक्षक येईपर्यंत

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भाषेची नोंद करा. आईशी कुठल्या भाषेत बोलतोस, भावंडांशी, दुकानात, आजीशी, एवढे चार प्रश्न पुरतात, आणि ते पोराच्या भाषेतच विचारायचे. मग तीन गट पडतात: मराठी अजिबात न समजणारी, समजतं पण उत्तर कन्नडमधून देणारी, आणि दोन्हीत वावरणारी. तिसऱ्या गटातलं पोर पहिल्या गटातल्या पोराशेजारी बसवा. पण त्याच्याकडून दिवसभर दुभाष्याचं काम करून घेऊ नका, त्याचाही अभ्यास आहे.

कन्नड न येणाऱ्या शिक्षकानं पहिल्या महिन्यात वीस-पंचवीस शब्द घोटावेत: बा (ये), होगु (जा), कूडु (बस), एळु (ऊठ), नोडु (बघ), केळु (ऐक), हेळु (सांग), ओदु (वाच), बरे (लिही), तगो (घे), कोडु (दे), बेकु (हवं), बेड (नको), साकु (पुरे), नीरु (पाणी), होट्टे नोवु (पोटदुखी), आणि ‘तिळीता?’ म्हणजे समजलं का. हे धारवाडच्या पुस्तकातून शिकू नका, गावातल्या आजीकडून शिका. पोरं बोलतात ती तिचीच बोली.

गावात माणसं आहेत. ‘पहिले पाऊल’च्या शाळापूर्व तयारी मेळाव्यासाठी माता गट केलेले असतात, त्यातल्या दोन्ही भाषा येणाऱ्या दोघी-तिघी आया आठवड्यातून तीन दिवस, सकाळचा पहिला पाऊण तास वर्गात बसल्या तरी खूप होतं. त्यांचं काम शिकवणं नाही. गोष्ट आधी कन्नडमधून सांगायची, मग शिक्षक तीच गोष्ट मराठीतून सांगतो. ओळीओळीला भाषांतर करू नये. तसं केलं की पोरं मराठी ओळ चालू असताना कान बंद ठेवतात आणि कन्नड ओळीची वाट बघतात. ही चूक उत्साही शाळांत हमखास होते. आधी अख्खी गोष्ट एका भाषेत, मग अख्खी दुसऱ्या भाषेत.

त्या मेळाव्यातल्या भाषा विकासाच्या टेबलावरही लक्ष ठेवा. चित्र दाखवून ‘काय दिसतंय ते सांग’ म्हणतात. प्रश्न फक्त मराठीत विचारला तर चुणचुणीत पोरसुद्धा गप्प राहतं आणि त्याच्या कार्डावर ‘मदतीची गरज’ अशी नोंद पडते. प्रश्न कन्नडमध्ये विचारा, उत्तर कन्नडमध्ये घ्या, आणि शेरा मारताना कुठल्या भाषेतलं उत्तर ते लिहा.

भिंतीवरच्या तक्त्याचंही करता येतं. ‘ह’ला हत्तीऐवजी हार लावा, कन्नडमध्येही हार म्हणजे हारच. ‘अ’ला अक्का, ‘म’ला मल्लिगे-मोगरा. दोन्ही भाषांत एकाच आवाजानं सुरू होणाऱ्या वस्तू शोधायला शाळेतल्याच पाचवीच्या पोरांना लावलं तर दोन दिवसांत तक्ता तयार होतो. खर्च कार्डशीट आणि स्केचपेनांचा. कन्नड माध्यमातून मराठी माध्यमात आलेल्या पोराला बाराखडी नव्यानं समजवावी लागत नाही, त्याच्याकडं ती ‘कागुणित’ या नावानं आहे. कानामात्रेची कल्पना तीच, फक्त आकार वेगळा.

सेमी इंग्रजीबद्दल एकच गोष्ट. कानडी घरातल्या पोराला पहिलीपासून गणित इंग्रजीतून दिलं, की त्याच्या डोक्यावर एकदम तीन भाषा आणि दोन लिप्यांचं ओझं येतं. पालक आग्रह धरतात तेव्हा निदान पहिल्या दोन वर्षांत तो टाळावा, हे त्यांना शांतपणे समजावून सांगायला हवं.

आता कागदाची बाजू. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, म्हणून हा विषय तिथंच मांडावा. ठराव मोघम नको. ‘शिक्षक मिळावा’ एवढ्यानं काही होत नाही. पट किती, घरी कन्नड बोलणारी पोरं इयत्तावार किती, कुठल्या वर्गात ती दहाच्या वर आहेत, शाळेत एकूण चाळीसच्या वर आहेत का, कन्नड समजणारे शिक्षक किती, हे आकडे ठरावातच लिहा आणि भाषेच्या नोंदीची यादी जोडा. संचमान्यतेसाठी 30 सप्टेंबरचा पट धरला जातो, म्हणून ठराव ऑगस्टमध्ये करा. प्रती केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडं, पोच घेऊन. शाळा विकास आराखड्यात हीच मागणी पुन्हा घाला. काही हालचाल झाली नाही, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडं, म्हणजे इथं जिल्हा परिषद-पंचायत समितीकडं, लेखी तक्रार करता येते. त्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो.

आणि बदलीचं. शाळेत जमलेली शब्दांची वही, गोष्टींच्या दोन भाषांतल्या प्रती, पोरांच्या भाषेची यादी हे सगळं बहुधा त्या त्या शिक्षकाच्या पिशवीतून त्याच्याबरोबर निघून जातं. चार्ज देताना जशी बाकं, कपाटं, तांदळाची पोती मोजून लिहितात, तशी ही वहीही चार्ज यादीत लिहून घ्या. नव्या गुरुजींना पहिल्या दिवशी कपाटाच्या किल्लीबरोबर ती मिळाली पाहिजे, पहिल्या पानावर ‘ओंदक्के’ लिहिलेली.